कोंबडीला मुभा, कोंबड्याला मनाई

ब्रिटनमध्ये १९५० साली झालेल्या अलॉटमेंट कायद्याचं बारावं कलम कोंबड्या आणि सशांबद्दल आहे. भाडेकरारात काहीही लिहिलेलं असो, खरेदीखतात कसलीही अट घातलेली असो, जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला तिथे कोंबड्या आणि ससे पाळता येतील आणि त्यासाठी गरजेपुरतं खुराडंही उभारता येईल, असं हे कलम सांगतं. अटी दोनच. धंदा म्हणून पाळायचे नाहीत, आणि कोणाच्या आरोग्याला धोका किंवा शेजाऱ्याला उपद्रव होता कामा नये. मालमत्तेचा हक्क जिवापाड जपणाऱ्या देशात संसदेने जमीनमालकाचा सही-शिक्क्याचा करार कोंबडीसाठी बाजूला सारला, ही साधी गोष्ट नव्हती. त्यामागे दीडशे वर्षांचा झगडा होता. गरिबाने आपल्या वाट्याच्या तुकड्यावर काय पिकवायचं आणि काय पाळायचं हे कोणी ठरवायचं, हा त्या झगड्याचा विषय.

अलॉटमेंट म्हणजे वस्तीच्या कडेला, रेल्वेरुळांलगत, कारखान्यांच्या मागे ओळीने आखून दिलेले जमिनीचे तुकडे. ते घराला लागून नसतात. बहुतेक ठिकाणी मालकी नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीसारख्या पॅरिश कौन्सिलची असते, आणि कसणारा वर्षाचं भाडं भरतो. पारंपरिक माप दहा रॉड, म्हणजे आपले बरोबर अडीच गुंठे. कायद्याने पुढे चाळीस रॉडांची मर्यादा घातली. ते होतात दहा गुंठे, पाव एकर. एवढ्याशा जमिनीत कोबी, बटाटे, कांद्याची पात आणि कोपऱ्यात एक खुराडं.

गोष्टीची सुरुवात मात्र गायीपासून होते.

अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडच्या खेड्यांना गायरानं होती. मजुराच्या नावावर हातभर जमीन नसली तरी त्याची एखादी गाय गावाच्या कुरणावर चरायची, बदकं डबक्याकाठी फिरायची, सरपण रानातून यायचं. मग कुंपणं आली. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने ५,२०० हून अधिक कुंपण-कायदे मंजूर केले. सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या भूभागाचा पाचवा हिस्सा, त्यांच्या कक्षेत आली. त्यातले बहुतेक कायदे १७५० नंतरच्या शंभरेक वर्षांतले. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना सलग जमिनी मिळाल्या. जे नुसत्या वहिवाटीने गाय चारत होते त्यांच्या हाती काही आलं नाही, किंवा कुंपण घालण्याचा खर्चही परवडू नये एवढा लहानसा तुकडा आला. तुकडा विकला गेला आणि त्याआधी गाय.

आर्थर यंग हा शेती मंडळाचा सचिव या कुंपणांचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता होता. आयुष्यभर त्याने मोठ्या, सलग, सुधारलेल्या शेतीचे गोडवे गायले. पण गावोगाव फिरताना त्याने कुंपणांनंतरची खेडी पाहिली आणि १८०१ मध्ये स्वतःच्याच पक्षाविरुद्ध पत्रक काढलं. वीसपैकी एकोणीस कुंपण-कायद्यांनी गरिबांचं नुकसान केलं आहे, असं त्याने त्यात स्पष्ट मांडलं, आणि पडीक जमिनीतून मजुरांना गाय पाळण्यापुरती जमीन द्यावी अशी मागणी केली. त्याच्याआधी १७९६ मध्ये लॉर्ड विंचिल्सी या जमीनदाराने रटलंडमधल्या आपल्या मजुरांचा दाखला दिला होता. ज्यांच्या दारी गाय होती ती कुटुंबं पॅरिशच्या मदतीवाचून आपला संसार ओढत होती. गायीमागे घरात दूध, दुधामागे लोणी, उरलेल्या ताकावर डुक्कर, डुकराच्या शेणामुताने बटाट्याचा वाफा. ही साखळी तोडली की मजूर मजुरीशिवाय कशाचाच उरत नाही, हे त्या जमीनदाराला कळलं होतं.

फार थोड्यांना कळलं. विल्टशरमधल्या ग्रेट सॉमरफर्ड गावी स्टीफन डिमेनब्रे नावाच्या धर्मगुरूने १८०९ मध्ये कुंपणांतून वाचवलेल्या जमिनीवर गरिबांसाठी मळे राखले. देशातल्या सर्वांत जुन्या अलॉटमेंट्समध्ये ते गणले जातात. विल्यम कॉबेटने १८२१ पासून ‘कॉटेज इकॉनॉमी’ हे पुस्तक हप्त्याहप्त्याने काढलं. भाकरी, बिअर, गाय, डुक्कर, मधमाश्या, शेळी, कोंबडी, ससा, असा मजुराच्या घराचा सगळा कारभार त्यात आहे. पाव एकरात गाय कशी पोसायची याचा हिशोबच त्याने मांडला. हिशोब ओढाताणीचा होता, तरी त्यामागचा आग्रह खरा होता.

अलॉटमेंट्सचा प्रसार झाला तो मात्र आग्रहामुळे नाही, भीतीमुळे. १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडच्या मजुरांनी मळणीयंत्रं फोडली, गंजी पेटवल्या. ‘कॅप्टन स्विंग’ या काल्पनिक नावाने जमीनदारांना धमकीची पत्रं जाऊ लागली. त्यानंतरच्या दशकात जमीनदार आणि धर्मगुरू घाईने तुकडे वाटू लागले आणि सोबत नियमांचे कागद देऊ लागले. कुदळीनेच खणायचं, नांगर लावायचा नाही. चोरी किंवा चोरट्या शिकारीत सापडला तर जमीन गेली. मालकाच्या कामाच्या वेळेत स्वतःच्या तुकड्यावर दिसायचं नाही. चर्चला जायचं आणि रविवारी जमिनीवर पाऊल ठेवायचं नाही.

रविवारच्या या अटीकडे जरा थांबून पाहायला हवं. बटाट्याला रविवारी कोणी पाहिलं नाही तरी तो वाढतो. कोंबडीला रविवारीही दाणापाणी लागतं, अंडी उचलावी लागतात, तिन्हीसांजेला खुराडं लावावं लागतं. जिथे हा नियम कडक पाळला जाई, तिथे जनावरांवर वेगळी बंदी घालायची गरजच उरत नसे. शिवाय शेतकऱ्यांच्या मनात आणखी एक संशय होता. ज्याच्या घरी डुक्कर किंवा कोंबड्या, तो मालकाच्या कोठारातून खिशात दाणे नेणार. म्हणून घोड्यांची देखभाल करणाऱ्या गड्यांना कोंबड्या पाळू द्यायच्या नाहीत असे काही मालकांचे दंडक होते. गरिबाच्या खुराड्याकडे चोरीचा पुरावा म्हणून बघण्याची ही नजर फार काळ टिकली.

डुक्कर तरीही टिकलं, पण ते अलॉटमेंटवर नाही, घराच्या मागच्या दारी. फ्लोरा थॉम्पसनने ऑक्सफर्डशरच्या कोपऱ्यातल्या आपल्या लहानपणच्या वाडीचं, १८८० च्या दशकातलं, चित्र ‘लार्क राइज’ या पुस्तकात काढलं आहे. तिथल्या अलॉटमेंट्सचे दोन भाग असत. एकात बटाटे, दुसऱ्यात गहू किंवा जव. तुकडा गावाबाहेर असला तरी त्याचं पीक गोठ्यातल्या डुकराच्या तोंडी जाई, आणि डुकराचं खत पुन्हा तुकड्यावर येई. रविवारी दुपारी पुरुष एकमेकांकडे जात ते माणसांना भेटायला कमी आणि डुक्कर बघायला जास्त. गोठ्याच्या भिंतीवर कोपरं टेकवून ते किती भरलं याचा अंदाज बांधला जाई. कागदावर रविवार देवाचा होता. प्रत्यक्षात त्यातला चांगला वाटा डुकराकडे जाई.

१८८४ च्या सुधारणांनी खेड्यातल्या मजुरांना मत मिळालं आणि अलॉटमेंट हा धर्मादायाचा विषय राहिला नाही. १८८५ च्या निवडणुकीत ‘तीन एकर आणि एक गाय’ ही घोषणा गाजली. तिच्याशी जोडलेलं नाव जेसी कॉलिंग्ज या खासदाराचं. जानेवारी १८८६ मध्ये त्याने राणीच्या अभिभाषणाला मजुरांच्या जमिनीबद्दल दुरुस्ती सुचवली, ती मंजूर झाली आणि लॉर्ड सॉल्झबरीचं सरकार पडलं. पुढे त्याच वर्षी पुन्हा सत्तेवर आलेल्या सॉल्झबरीच्याच सरकारला १८८७ चा अलॉटमेंट कायदा आणावा लागला. गाय काही मिळाली नाही, एकरही मिळाले नाहीत. पण या कायद्यात तुकड्यावर काय बांधता येईल याची यादी आहे: अवजारांची खोली, शेड, काचघर, कोंबड्यांचं खुराडं आणि डुकराचा गोठा. याखेरीज दुसरं काही बांधलं तर ते पाडलं जाईल. म्हणजे १८८७ मध्ये कोंबडी आणि डुक्कर कायद्याच्या दृष्टीने अलॉटमेंटचा नेहमीचा भाग होते. नंतरच्या बंद्यांचं समर्थन करताना ‘अलॉटमेंट ही मुळात भाजीपाल्यासाठीच होती’ असं सांगितलं जातं, तेव्हा ही यादी आठवावी.

मग बंदी आली कुठून? शहरांतून. लंडनच्या केन्सिंग्टनमध्ये, श्रीमंत घरांपासून हाकेच्या अंतरावर, नॉटिंग डेलची वस्ती होती. वीटभट्ट्यांच्या खड्ड्यांत सांडपाणी साचलेलं, आणि माणसांपेक्षा डुकरांची संख्या जास्त. लंडनच्या इतर भागांतून हुसकावलेले डुक्करपाळे तिथे येऊन राहिले होते. कॉलराच्या साथींनी अशा वस्त्यांची नावं वर्तमानपत्रांत आणली. सार्वजनिक आरोग्याचे कायदे झाले, निरीक्षक आले, आणि शहरातलं जनावर हा हळूहळू रोगाचा समानार्थी शब्द झाला. निरीक्षकांची काळजी खोटी नव्हती. त्या खड्ड्यांच्या काठी मुलं मरत होती. पण उपाय सरसकट निघाला. विसाव्या शतकात उपनगरं वसली तेव्हा भाडेकरारांत आणि खरेदीखतांत एक ओळ सवयीने येऊ लागली: कोंबड्या, डुकरं, ससे पाळता येणार नाहीत. ही ओळ घालणाऱ्यांना कॉलराची धास्ती नव्हती. वस्ती सभ्य दिसावी, घरांचे भाव टिकावेत, हा हेतू होता. नव्या नगरपालिकांच्या घरांतही तीच ओळ उतरली. खुराडं हे गरिबीचं लक्षण ठरलं.

पहिल्या महायुद्धाने अलॉटमेंट्सची संख्या सहा लाखांच्या आसपासवरून पंधरा लाखांवर नेली. १९१९ च्या कायद्याने त्या फक्त ‘श्रमिक वर्गासाठी’ ही अट काढून टाकली. आता कोणीही मागू शकत होतं. १९२२ च्या कायद्याने ‘अलॉटमेंट गार्डन’ची व्याख्या केली. चाळीस पोल किंवा रॉडांपेक्षा मोठा नाही, आणि मुख्यतः कसणाऱ्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या खाण्यासाठी भाज्या-फळं पिकवणारा तुकडा. ‘मुख्यतः’ या अटीने कोंबडी हद्दपार झाली नाही, पण दुय्यम झाली. आजही तुकड्याच्या चौथाईपेक्षा जास्त जागा जनावरांना देऊ नये असे नियम कौन्सिलं करतात, त्याचं मूळ याच व्याख्येत आहे.

खरी उलथापालथ दुसऱ्या महायुद्धाने केली. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या आणि ब्रिटन गुरांचा व कोंबड्यांचा दाणा मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणत होतं. सरकारने जहाजातली जागा माणसांच्या गव्हाला दिली आणि दाण्याच्या वाटपात दुभत्या गायींना पहिला मान. व्यापारी पोल्ट्र्यांना दाणा मिळेना, लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. जून १९४१ पासून अंड्यांचं रेशनिंग सुरू झालं: माणशी आठवड्याला एक, तेही दुकानात आलं तर. १९४२ पासून अमेरिकेतून अंड्याची भुकटी आली. तिचं ऑम्लेट रबरासारखं होतं अशी आठवण त्या पिढीने जन्मभर सांगितली.

सरकारने तेव्हा लोकांसमोर सौदा ठेवला. तुमच्या रेशनकार्डावरचा अंड्यांचा हक्क सोडा, त्याबदल्यात कोंबड्यांसाठी ‘बॅलन्सर मील’ नावाचा भरडा घ्या. हा भरडा नुसता पुरत नसे. बटाट्याच्या साली, कोबीचे देठ, ताटातलं खरकटं जुन्या पातेल्यात उकडायचं, कुस्करायचं, आणि त्यात हा कोरडा भरडा कालवून ओलसर पण मोकळा लगदा करायचा. फार पातळ झाला तर कोंबडीची विष्ठा बिघडते, फार कोरडा झाला तर भरडा वाऱ्यावर उडून वाया जातो. हिवाळ्याच्या सकाळी तो कोमटच घालायचा. स्वयंपाकघरात त्याचा वास दिवसभर दरवळत राही. ज्यांनी आयुष्यात कोंबडीला हात लावला नव्हता अशा कारकून आणि शिक्षकांच्या घरांत बायका हा लगदा कालवू लागल्या. आठवड्याला एका अंड्याच्या जागी, चार कोंबड्या नीट घालत असतील तर, दिवसाला दोन-तीन अंडी. शेजाऱ्यांनी आपले हक्क आणि साली दिल्या तर त्यांनाही वाटा.

घरगुती कोंबडीपालकांची आणि लहान डुक्करपालकांची स्वतंत्र मंडळं सरकारने नेमली. गल्लीगल्लीत डुक्कर-क्लब निघाले. हाइड पार्कमध्ये पोलिसांनी डुकरं पाळली. रस्त्याच्या कोपऱ्यांवर खरकट्याचे डबे ठेवले गेले. लंडनच्या टॉटनहॅममध्ये गोळा केलेलं खरकटं मोठ्या प्रमाणावर शिजवून जो घट्ट चारा बनवला जाई, त्याला ‘टॉटनहॅम पुडिंग’ असंच नाव पडलं. आणि या सगळ्यासाठी सरकारला ती उपनगरी ओळ आड येत होती. घरमालकाशी केलेला करार मोडायचा कसा? युद्धकाळातल्या खास नियमांनी कोंबड्या-सशांवरच्या करारातल्या बंद्या स्थगित केल्या. ज्या खुराड्याला वीस वर्षांपूर्वी लाजिरवाणं ठरवलं होतं, ते आता देशभक्तीचं काम होतं.

युद्ध संपलं, टंचाई संपली नाही. १९४६ मध्ये, युद्धातही नव्हतं ते ब्रेडचं रेशनिंग आलं. डुकरावरून गावातल्या प्रतिष्ठितांची कशी तारांबळ उडते याचा ‘अ प्रायव्हेट फंक्शन’ हा चित्रपट पुढे १९८४ मध्ये आला. तो १९४७ च्या यॉर्कशरमध्ये घडतो आणि त्यातली मांसाची आस खरीखुरी आहे. अ‍ॅटलींच्या मजूर सरकारसमोर प्रश्न होता की युद्धकाळातले नियम कधीतरी मागे घ्यावे लागणार; ते मागे घेतले की जुने करार पुन्हा जिवंत होणार आणि लाखो घरांतली खुराडी एका रात्रीत बेकायदा ठरणार. म्हणून १९५० च्या कायद्यात बारावं कलम आलं. युद्धातली सवलत कायमची झाली. अंड्यांवरचं रेशनिंग उठायला त्यानंतरही मार्च १९५३ उजाडावा लागला.

हे कलम नीट वाचलं की त्यातली काळजी दिसते. ते फक्त अलॉटमेंटवाल्यांना लागू नाही, जमीन ताब्यात असलेल्या कोणालाही आहे. भाड्याच्या घराच्या परसालाही. कोंबड्यांचा आकडा त्यात नाही. जागा, पद्धत आणि उपद्रव बघायचा, मोजणी नाही. धंद्याला मनाई आहे, कारण हा हक्क घरच्या ताटासाठी आहे. आणि कलमात कोंबडी आहे, कोंबडा नाही. अंडी घालायला कोंबडीला कोंबड्याची गरज नसते. पिल्लं काढायची असतील तरच तो लागतो. पहाटे चार वाजता आरवणारा कोंबडा शेजाऱ्याची झोप मोडतो, आणि हक्काला पाठिंबा देणारा शेजारी विरोधात जातो. म्हणून जवळजवळ प्रत्येक कौन्सिलच्या नियमावलीत कोंबड्याला मनाई आहे. ज्यांनी अंडी रवणीला ठेवून पिल्लं काढली त्यांच्यापुढे दर वेळी निम्म्या नरपिल्लांचं काय करायचं हा प्रश्न येतो, आणि नियमावल्यांपैकी बऱ्याच त्याचं उत्तर देत नाहीत. जागेवर जनावर मारायचं नाही एवढंच त्या सांगतात.

डुक्कर, शेळी, बदक, कबुतर यांचा उल्लेख कलमात नाही. त्यांचं भवितव्य स्थानिक मर्जीवर राहिलं, आणि मर्जी भागाभागाने बदलत गेली. ईशान्य इंग्लंडच्या कोळसा खाणींच्या वस्त्यांत अलॉटमेंट म्हणजे कोंबड्या, डुक्कर, एखादं तट्टू आणि सर्वांत वर शर्यतीची कबुतरं. दिवसभर जमिनीखाली अंधारात राबणारा माणूस संध्याकाळी आकाशाकडे डोळे लावून आपल्या पक्ष्याची वाट पाहत बसे. कबुतरांच्या खोप्याला तिथे ‘क्री’ म्हणतात. जुनी दारं आणि फळ्या ठोकून उभ्या केलेल्या या क्री दरवर्षी झगझगीत रंगांनी रंगवल्या जात. संडरलंडजवळच्या रायहोपमधली, १९५० च्या दशकात बांधलेली अशी एक क्री आज सरकारी वारसा यादीत आहे. देशातल्या वाड्या-चर्चांना मिळतं तसं संरक्षण तिला मिळालं, हे फार योग्य झालं.

पण या रंगीत गबाळेपणाचे सगळेच चाहते नव्हते. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमचे भूगोलतज्ज्ञ हॅरी थॉर्प यांची समिती नेमली गेली. अलॉटमेंट्स तोवर पाच लाखांच्या आसपास घसरल्या होत्या. १९६९ च्या अहवालात थॉर्प यांनी मोडक्या शेडा, गंजलेले पत्रे यांच्यावर बोट ठेवलं आणि युरोपातल्यासारख्या नेटक्या, फुलाफळांच्या ‘विरंगुळ्याच्या बागा’ सुचवल्या. समितीने मेहनत खूप घेतली होती, तरी तिचा डोळा दिसण्यावर होता. शिफारशींचा कायदा कधीच झाला नाही. डेव्हिड क्राउच आणि कॉलिन वॉर्ड यांनी १९८८ मध्ये अलॉटमेंटवरच्या आपल्या पुस्तकात तोच गबाळेपणा जवळून पाहिला आणि त्यात लोकांची स्वतः उभारण्याची कला ओळखली. खुराडं जुन्या दारांतून उभं राहतं तेव्हा ते बांधणाऱ्याची ऐपतही सांगतं आणि हिकमतही.

२००१ च्या फेब्रुवारीत लाळ्या-खुरकुताची साथ आली. नॉर्थंबरलंडमधल्या हेडन-ऑन-द-वॉल गावच्या एका डुक्करफार्मवर प्रक्रिया न केलेलं खरकटं घातलं गेलं होतं, तिथे साथीचा उगम शोधला गेला. साठ लाखांहून अधिक जनावरं कापून जाळली-पुरली गेली. त्या मे महिन्यात खरकटं घालण्यावर बंदी आली. ही बंदी आज परसातल्या दोन कोंबड्यांनाही लागू आहे. घरच्या स्वयंपाकघरातून गेलेली कोबीची पानंसुद्धा त्यांना घालता येत नाहीत. घर पूर्ण वीगन असेल तरच सूट. तुकड्यावर उपटलेला पालक थेट खुराड्यात टाकला तर चालतो, तोच घरच्या ओट्यावरून परत आला तर गुन्हा. टॉटनहॅम पुडिंगपासून इथवर साठ वर्षं. मांसातून पसरणारा विषाणू किती जनावरं मारू शकतो हे पाहिल्यावर बंदीमागचं कारण कोणी नाकारणार नाही. पण कोंबडी ज्या कामासाठी गरिबाच्या घरात होती, उरलंसुरलं खाऊन अंडं देण्यासाठी, तेच काम या नियमाने तिच्याकडून काढून घेतलं आहे. आता तिचा दाणा पोत्याने विकत आणावा लागतो. अलॉटमेंटवर डुक्कर पाळणं तर जवळपास थांबलंच, कारण एका डुकरासाठीही जागेचा नोंदणी क्रमांक आणि हलवाहलवीची कागदपत्रं लागतात.

कोंबड्या मात्र वाढल्या. २००५ पासून पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या पुनर्वसनासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने, आजच्या ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्टने, साधारण ७२ आठवड्यांच्या झाल्या की कत्तलखान्यात जाणाऱ्या कोंबड्या लोकांना पाळायला द्यायला सुरुवात केली. अनेक जणी अलॉटमेंट्सवर आल्या. पिसं झडलेली पाठ, रक्त नसलेला तुरा, आणि मातीवर पाय ठेवायची सवयच नाही. काही दिवस त्या नुसत्या उभ्या राहतात. मग एक जण पायाने माती उकरते, बाकीच्या तिचं पाहून उकरू लागतात. १ जानेवारी २०१२ पासून युरोपीय संघात जुन्या प्रकारच्या बॅटरी पिंजऱ्यांवर बंदी आली.

कौन्सिलांच्या आजच्या नियमावल्या वाचल्या तर त्यांतली बरीच कलमं अनुभवाने आलेली दिसतात. दाणा पत्र्याच्या डब्यात ठेवा, नाहीतर उंदीर येतात. खुराडं जमिनीपासून वर उचललेलं असावं, म्हणजे त्यांना खाली घर करता येत नाही. कुंपणाची जाळी जमिनीत गाडा, कोल्हा खालून उकरतो. लाल रंगाची बारीक कीड दिवसा दांड्यांच्या फटीत लपते आणि रात्री कोंबड्यांचं रक्त शोषते. दांड्या काढून साफ करता याव्यात. ताजी विष्ठा रोपं जाळते, म्हणून ती आधी कुजवावी. रोज तुकड्यावर या, रविवारीही. १८३० च्या दशकात ज्या दिवशी यायची बंदी होती त्या दिवशी न येणं आता २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याखाली हयगय ठरू शकतं. ही कलमं चांगली आहेत. सहाच कोंबड्या, आठच कोंबड्या, बाराच, असे आकडे मात्र जागोजागी वेगळे आहेत आणि कायद्याच्या बाराव्या कलमात त्यांना आधार सापडत नाही. काही कौन्सिलं तर नव्या भाडेकरारांत जनावरांवर सरसकट बंदी छापून टाकतात. ज्याला १९५० चा कायदा माहीत असतो तो भांडून हक्क मिळवतो. माहीत नसलेला सही करतो.

गेल्या काही वर्षांत बर्ड फ्लूने नियमांची पुढची फळी उभी केली. ७ नोव्हेंबर २०२२ ते १८ एप्रिल २०२३ इंग्लंडभर सगळे पाळीव पक्षी छपराखाली ठेवण्याचा आदेश होता. फार्मवर हे शेडचे दरवाजे लावून होतं. अलॉटमेंटवर वीज नाही, पक्कं छप्पर नाही. लोकांनी कोंबड्यांच्या फिरण्याच्या जागेवर ताडपत्री ताणली, जंगली पक्षी आत येऊ नयेत म्हणून २५ मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची जाळी ठोकली, दारात जंतुनाशकाची थाळी ठेवून बूट बुडवले. पाच महिने त्या कोंबड्यांनी माती उकरली ती जाळीआड. काहींनी याच काळात पाळणं सोडलं.

१ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये, आणि महिनाभर आधीपासून स्कॉटलंडमध्ये, एक कोंबडी असली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. आधी ही सक्ती पन्नास पक्ष्यांपासून पुढे होती. नोंदणीला पैसे पडत नाहीत, आणि साथ आली तर कोणाला कळवायचं हे त्यामुळे समजतं. मागणी रास्त आहे. कायम घरातच राहणाऱ्या पोपटाला आणि कॅनरीला त्यातून सूट आहे. अलॉटमेंटवरच्या कोंबडीला नाही. तिच्या मालकाला आता कौन्सिलचे नियम पाळायचे, नोंदणीचा कागद सांभाळायचा, दरवर्षी माहिती ताजी करायची, आणि हे सगळं करूनही एखाद्या निरीक्षकाने खुराडं हटवायला सांगितलं तर १९५० च्या कायद्याची प्रत त्याला दाखवायची.